पाच फायलींचा ताळा

१

कांजूरमार्गच्या एका कारखान्यातल्या कामगारांच्या फुप्फुसांची पाहणी संगणकाच्या नऊ फायलींत भरली होती. १९८७च्या होळीच्या सुमारास त्यांतल्या पाच फायली खोट्या ठरल्या. त्या भरणाऱ्या मधुकर परबला त्याच आठवड्यात कामावरून काढलं. वैशाखात तो घरी खुर्चीत बसल्या बसल्या गेला. मांडीवर कागद होता आणि कागदावर अर्धवट राहिलेली बेरीज होती. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं लिहिलं. त्याच्या बायकोच्या मते कारण वेगळं होतं, पण ते दाखल्यावर लिहायची सोय नव्हती.

कारखाना पांढरा दगड दळून त्याची पूड करायचा. ती पूड फरशांना आणि कपबशांना लागते. दळणाऱ्यांच्या छातीत ती किती उतरते, हे बघायला युनियननं डॉक्टर बोलावले होते. प्रत्येक कामगारानं नळीत जोरानं फुंकायचं आणि डॉक्टरांनी आकडा टिपायचा. त्या आकड्यांच्या जोरावर युनियनची मागणी होती, की पाण्याचे फवारे बसेपर्यंत चक्की खातं बंद ठेवा. मालकांनी लवाद मान्य केला, मात्र अटी घातल्या. फायलींत कामगारांची नावं नकोत, नुसते क्रमांक द्या. आणि फायलींचा ताळा जुळलाच पाहिजे.

हा ताळा शाळेतल्या ताळ्यासारखाच. संगणकाच्या आत प्रत्येक अक्षराला, आकड्याला, अगदी मोकळ्या जागेलाही एकेक क्रमांक असतो. फायलीतल्या साऱ्या क्रमांकांची बेरीज म्हणजे तिचा ताळा. आकडे संगणकात भरून देणाऱ्या अंधेरीच्या ज्या ब्युरोत फायली भरल्या, तिथल्या डॉसवर चालणाऱ्या पीसीवर तो काढून फ्लॉपीवर लिहायचा. मग मुलुंडच्या एका संशोधन संस्थेतल्या युनिक्सच्या मोठ्या मशीनवर तोच प्रोग्राम चालवून पुन्हा काढायचा. दोन्ही सारखे आले तर फाईल ग्राह्य. नाही आले तर ती न उघडताच बाद.

चार जुळल्या, पाच जुळल्या नाहीत. जुळलेल्या चार होत्या कचेरीची, गोदामाची, ड्रायव्हरांची आणि कँटीनची. न जुळलेल्या पाच धुळीच्या खात्यांच्या. जिथं छात्या वाईट, नेमका तिथंच घोळ. मालकांच्या वकिलाला आणखी काय हवं होतं?

लवाद निवृत्त न्यायाधीश होते. त्यांनी तांत्रिक तपासाला मृणालिनीबाई पाठारे यांना नेमलं. त्या मुलुंडच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत. उत्तर बरोबर आणि रीत चूक असेल तर शून्य देणाऱ्या म्हणून त्या प्रसिद्ध होत्या. सीलबंद फायलींवर त्यांनी हवा तेवढ्या वेळा ताळा काढावा, पण उघडायच्या असतील तर आधी कारण द्यावं, मग सुनावणीत सगळ्यांसमोर उघडू, असं लवादांनी बजावलं होतं.

नेमणुकीची बातमी लागताच मधुकरची बायको सुलक्षणा कॉलेजात येऊन उभी राहिली.

"बाई, माझ्या माणसानं आकडे बदलले नाहीत, एवढं एक वाक्य मला हवंय. त्या लवादाच्या तोंडून. बाकी काही नको."

"आणि बदलले असतील तर?"

"तर तेही सांगा. पण बघून सांगा. आजवर बघितलंय कुणी? सगळे बाहेरून बेरजा करतायत."

मृणालिनीबाईंनी पहिलं काम सरळ केलं. स्वतः एक फाईल तयार केली, त्यात मनाला येतील ते आकडे घातले आणि अंधेरीला ताळा काढला. मग मुलुंडला काढला. दोन्ही तंतोतंत सारखे. पुन्हा एक फाईल केली, तीही जुळली.

म्हणजे मशिनं निर्दोष होती आणि प्रोग्रामही. दोष त्या पाच फायलींतच होता, आणि त्या फायलींना एकाच माणसाचा हात लागला होता.

२

अंधेरीला मरोळच्या बाजूला एका औद्योगिक गाळ्याच्या वरच्या मजल्यावर ब्युरो होता. मालक नंदकिशोर राजाध्यक्ष. मशिनांसाठी लावलेल्या एसीत तो स्वेटर घालून बसायचा.

"मॅडम, परब माझा सर्वांत चांगला माणूस होता," तो म्हणाला. "गिरणीकामगाराचा मुलगा. रात्रशाळा करून टायपिंग शिकला. पंच कार्डांच्या काळापासून माझ्याकडे. त्याची एन्ट्री मी कधी दुसऱ्यांदा तपासली नाही. आता लोक म्हणतात, राजाध्यक्ष, तिथंच गाढवपणा केलास."

"मग काढलंत का?"

"ठेवून काय करू? धंद्याची वाट लागली असती. त्याचा सख्खा मेहुणा त्या चक्की खात्यात आहे, दत्ताराम. मला आधी माहीतच नव्हतं. सांगायला नको होतं का त्यानं?"

"मेहुणा असणं हा पुरावा नाही."

"नाही ना. पण फोन?" नंदकिशोर पुढे वाकला. "पाहणीच्या दिवसांत त्या दत्तारामचा परबला फोन यायचा. माझ्याच टेबलावर फोन, मीच उचलायचो. परब यायचा, ऐकायचा, एक शब्द बोलायचा नाही. परत जागेवर जायचा आणि भरून झालेली, ताळा काढून ठेवलेली फाईल पुन्हा उघडायचा. मी काचेतून बघायचो. दोन मिनिटं काहीतरी टाइप करून बंद. मला वाटायचं, काहीतरी राहिलं असेल. विश्वास होता ना!"

"कोणत्या फायली ते आठवतं?"

"आता आठवण्यासारखं काय राहिलंय? मशीनच सांगतं. शेवटचा हात कधी लागला ती तारीख फायलीशेजारी उमटते. बघा की."

त्यांनी बघितलं. चार फायलींच्या तारखा भरल्याच्या दिवसाच्या होत्या. पाच फायली नंतर उघडल्या गेल्या होत्या, प्रत्येक वेगळ्या दिवशी. ब्युरोच्या फोनवहीत दत्तारामचे फोन याच दिवशी आले होते.

"आणि मॅडम, तो चारशेचा आकडा ऐकलात ना?" नंदकिशोरनं विचारलं.

ऐकला होता. पाचांपैकी एका फायलीच्या दोन ताळ्यांत बरोबर चारशेचा फरक होता. वकील लवादासमोर म्हणाला होता, "यंत्राची चूक असे गोल आकडे काढत नाही, महाराज. गोल आकडे माणूस काढतो."

मृणालिनीबाईंना हे विधान संख्याशास्त्राच्या दृष्टीनं मूर्खपणाचं वाटलं होतं. पण फोन आणि तारखा त्यानं खोट्या ठरत नव्हत्या.

३

घाटकोपरला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या चाळीत परबांची खोली होती. मृणालिनीबाई पोहोचल्या तेव्हा उंबऱ्याबाहेर केळीच्या पानाचा तुकडा मांडलेला होता. त्यावर भात, वरण आणि वड्याचा तुकडा. त्या थबकल्या.

"ओलांडून या बाई, काही होत नाही," सुलक्षणा म्हणाली. "आज यांची तिथी. आमच्या सासऱ्यांची रीत आहे ही. गिरणीत कुणी गेल्याचं कळलं, की जेवायला बसण्याआधी बाहेर एक पान ठेवायचे. नुसत्या नावानं एकदा हाक मारायचे. आडनाव नाही, गाव नाही. मग आम्ही आत जेवायचं. घरातल्यांचं पान आत, गेलेल्याचं उंबऱ्याबाहेर. दोन्हींची सरमिसळ करायची नाही. यांनीही तेच चालवलं."

कॉटवर तिचा भाऊ दत्ताराम बसला होता. चाळिशीचा असावा, पण खांदे म्हाताऱ्याचे. बोलताना मध्येच थांबून श्वास गोळा करायचा.

"भावजींका फोन कशाला करत होतात?" मृणालिनीबाईंनी थेट विचारलं. कोकणातला सूर त्यांच्या तोंडी ओढूनताणून आलेला ऐकून तो हसला.

"ताई, तुमी आपली मराठीच बोला. माका कळता." मग हसू विझलं. "कोण गेलो की करायचो. युनियनच्या हापिसातून."

"गेला म्हणजे?"

"मेलो. पाहणी चालू होती ना, तेव्हाच आमच्यातले लोक जाऊक लागले. पयलो छाननीतलो रतन. सव्वीस वर्षांचो पोरगो. नळीत फुकताना म्हणालो, 'डॉक्टर, फुगो दिया, मगे फुकतंय.' सगळे हसले. आठवड्यात गेलो." त्यानं श्वास घेतला. "भावजी म्हणाले होते, कोण गेलो तर माका कळव. मी कळवत होतो. फक्त नाव सांगायचो नि फोन ठेवायचो."

"आणि आकडे? कुणाचा आकडा कमी कर, जास्त कर, असं कधी?"

दत्ताराम संतापला. त्या भरात त्याला खोकला लागला, तो थांबेचना. सुलक्षणानं पाणी दिलं.

"मेलेल्याचो आकडो आणखी काय कमी करतले, ताई?"

पुढचं सुलक्षणा बोलली. "नोकरी गेल्यावर हे रोज बसून हातानं बेरजा करायचे. एकेका अक्षराचा क्रमांक मांडून. म्हणायचे, 'सुलू, माझी बेरीज बरोबर येते गं. मग त्यांची का येत नाही?' शेवटी शेवटी स्वतःवरचाच भरवसा गेला. म्हणायचे, कुठंतरी चुकलोच असणार मी, मोठं मशीन काय खोटं बोलतंय?" ती थांबली. "बाई, माणूस चोर म्हणून मेला असता तरी मी सोसलं असतं. हा स्वतःला चुकीचा समजून मेला."

मृणालिनीबाई निघाल्या. दारात पुन्हा ते पान ओलांडावं लागलं. या वेळी त्यांनी वळून त्याच्याकडे नीट बघितलं. घराचा हिशोब उंबऱ्यापाशी संपत होता आणि पान बरोबर त्याच्या पलीकडे होतं.

मधुकर फोनवर नाव ऐकायचा आणि फाईल उघडायचा. पण फायलीत तर नावं घालायची नव्हती.

४

ब्युरोत मधुकरच्या जागी आता जयंती टिपणीस बसायची. बावीस-तेवीस वर्षांची, फटकळ.

"मला काही विचारू नका हं मॅडम. मी बोलले तर राजाध्यक्ष सर मलाही घालवतील," ती म्हणाली आणि स्वतःच खुर्ची पुढे सरकवली.

मृणालिनीबाईंनी ब्युरोकडच्या प्रती मागितल्या. चक्की खात्याची फाईल पडद्यावर चालवली. आकड्यांच्या ओळी सरसर वर गेल्या आणि शेवटची ओळ संपताच थांबल्या. मागे काहीही नव्हतं. डॉक्टरांच्या मूळ फॉर्मशी ओळी ताडून बघितल्या. एक आकडा इकडचा तिकडे नव्हता.

"बघितलंत?" जयंती म्हणाली. "पण वकील म्हणतो, ही प्रत तुम्ही नंतर सुधारलीत."

मृणालिनीबाई ऐकत नव्हत्या. त्या फायलींची लांबी बघत होत्या. मशीन प्रत्येक फायलीशेजारी तिची लांबीही लिहितं. इथं प्रत्येक कामगाराची ओळ सारख्याच लांबीची होती, क्रमांक, वय, नोकरीची वर्षं आणि फुंकेचे आकडे. मग फायलीच्या लांबीला ओळीच्या लांबीनं भागलं, तर बाकी उरायला नको.

चार फायलींत उरली नाही. पाच फायलींत उरली. एकीत सहा जागा, एकीत सात, एकीत दहा, पुन्हा एकीत सहा, आणि चक्की खात्याच्या फायलीत तेरा.

"जयंती, या फायलीत ओळी संपल्यावर आणखी काहीतरी आहे. पडद्यावर ते येत नाही, पण त्यानं जागा अडवली आहे. काय आहे ते?"

जयंती उठून दार लावून आली.

"परबकाका लिहायचे," ती हळू आवाजात म्हणाली. "डॉसमध्ये एक शेवटची खूण असते. कंट्रोल आणि झेड मिळून. एरवी ती घालायची गरज नसते. पण घातली, की मशीन म्हणतं संपलं. त्याच्या पुढे काय आहे ते दाखवत नाही, वाचत नाही. काकांनी ती खूण घातली आणि तिच्या पुढे लिहिलं. मी विचारलं, काका, हे काय? तर म्हणाले, 'हे आपल्या हिशोबात नाही गं. हे उंबऱ्याबाहेर.'"

"आणि हे तू कुणाला सांगितलं नाहीस?"

"सांगून काय उपयोग होता? आम्ही तपासलं ना मॅडम!" जयंतीचे डोळे भरून आले. "आळ आला त्याच दिवशी काकांनी मला इथं बसवलं. म्हणाले, त्यामुळे तर नाही ना होत? आम्ही ते मागचं पुसून ताळा काढला. मग परत लिहून काढला. दोन्ही वेळा तोच आला. एकाचाही फरक नाही. काका म्हणाले, 'म्हणजे हे कारण नव्हे. मग उगाच त्यांची नावं त्या वकिलाच्या तोंडी कशाला द्यायची?' तसं नसतं, तर मी गप्प बसले असते का?"

त्यांनी रीतसर तपासलं होतं. शंका घेतली, प्रयोग केला, उत्तर पाहिलं आणि शंका सोडून दिली. मृणालिनीबाईंनी अशा रीतीला पूर्ण गुण दिले असते.

"कुठल्या मशीनवर तपासलंत?"

"ह्याच. दुसरं कुठलं आहे आमच्याकडे?"

मृणालिनीबाईंनी चष्मा काढला.

"तीच चूक झाली, जयंती. फायलीत शेवटची खूण मानायची, ही डॉसची पद्धत आहे. तिथं प्रोग्राम फाईल वाचतो आणि खुणेपाशी थांबतो. युनिक्सला अशी खूण ठाऊकच नाही. ते फाईल जिथवर आहे तिथवर वाचत जातं. प्रोग्राम एकच आहे. एक मशीन उंबऱ्याशी थांबतं, दुसरं बाहेरचं पानही मोजतं."

"पण तुमच्या फायली तर दोन्हीकडे जुळल्या."

"माझ्या फायलींत कुणी मेलं नव्हतं."

जयंतीला एक गोष्ट आठवली. "चक्की खात्याची फाईल भरताना काका एका ओळीवर अडले होते. शेजारच्या फॉर्मवरच्या नावाकडे नुसते बघत बसले. आकडा मात्र होता तसाच घातला. मग उठले आणि म्हणाले, 'पुढचं तू घाल गं पोरी, मी पाणी पिऊन येतो.' खूप वेळ आलेच नाहीत."

५

हा आता अंदाज होता. अंदाजावर लवाद फाईल उघडणार नव्हते आणि मृणालिनीबाईही उघडा म्हणणार नव्हत्या. फाईल उघडल्यावर नावं सापडली, तर वकील म्हणणार, नावं आहेत तसे बदललेले आकडेही असतील. उघडण्याआधीच आत काय आहे, ते अक्षरन् अक्षर सांगता यायला हवं होतं. तेही नुसत्या बेरजांवरून, कारण ब्युरोची प्रत मुलुंडला चालवून वाचली असती, तर वकील म्हणाला असता, त्यात तुम्हीच लिहिलंत.

त्यांनी दत्तारामला कॉलेजात बोलावलं. फळ्यावर पाच खात्यांची नावं लिहिली आणि म्हणाल्या, "प्रत्येक खात्यातून तुम्ही फोनवर काय नाव सांगितलंत, तेवढंच सांगा."

तो उभा राहूनच सांगू लागला. छाननीतला रतन. भट्टीवरचा गुणाजी. चाळणीवरचा दशरथ. पोती भरणाऱ्या बायकांतली प्रेमा.

"प्रेमाचो झील तेव्हा पाळण्यात होतो," तो म्हणाला. मग चक्की. "माझ्या बाजूक उभो रवायचो तो बाळा. आमी दोघे एकाच जात्यावर."

मृणालिनीबाईंनी रतनचं नाव इंग्रजीत मांडलं, कारण मशीन तेवढंच जाणत होतं. पाच अक्षरं. प्रत्येकाखाली त्याचा क्रमांक लिहिला. ब्याऐंशी, पासष्ट, चौऱ्याऐंशी, पासष्ट, अठ्ठ्याहत्तर. बेरीज तीनशे चौऱ्याहत्तर. त्यात शेवटच्या खुणेचा क्रमांक, सव्वीस, मिळवला.

चारशे.

वकिलाचा गोल आकडा फळ्यावर उभा होता. जागा मोजल्या. पाच अक्षरं आणि एक खूण, सहा. बाकीही सहाच उरली होती.

"काय झाला, ताई?" दत्तारामनं विचारलं.

"रतन सापडला," त्या म्हणाल्या.

गुणाजी मांडला, चारशे बहात्तर. फायलीतला फरक तोच. दशरथ, सहाशे ब्याऐंशी. तोच. प्रेमा, तीनशे नव्व्याण्णव. तोच. माणसं एकेक करून बेरजेतून उठून आपापल्या जागी येत होती आणि दत्ताराम भिंतीला धरून ते बघत होता.

शेवटी बाळा. दोनशे बहात्तर आणि सव्वीस, दोनशे अठ्ठ्याण्णव.

चक्की खात्याच्या फायलीतला फरक पाचशे चोपन्न होता.

त्यांनी पुन्हा बेरीज केली. तीच आली. दोनशे छप्पन्न उरत होते आणि आठ जागा. बाळाच्या मागे आणखी काहीतरी होतं.

"चक्कीतून आणखी कुणी गेलं होतं का तेव्हा? आठवा."

"नाय ताई. बाळा एकटोच." दत्तारामनं मान हलवली. "मी एकच फोन केलो."

पाचपैकी चार उत्तरं हातात होती. पण वकील पाचव्याचंच विचारणार होता, कारण तो सगळा वाद चक्कीचा होता.

६

सुनावणी मुलुंडच्या संस्थेतच ठेवली होती, मोठ्या मशीनच्या खोलीत. लवाद मध्ये बसले. एका बाजूला वकील, नंदकिशोर आणि जयंती. दुसऱ्या बाजूला युनियनचे दोघे, सुलक्षणा आणि दत्ताराम.

मृणालिनीबाईंनी उभ्यानंच सांगितलं. दोन मशिनांची वागणूक, शेवटची खूण, फायलींची बाकी. मग एक कागद लवादांपुढे ठेवला. चार फायलींच्या शेवटी काय सापडेल ते त्यावर लिहिलं होतं.

"यांपैकी एक अक्षर जरी वेगळं निघालं, तरी माझा अहवाल फाडून टाका," त्या म्हणाल्या.

"आणि पाचवी?" वकिलानं लगेच विचारलं.

"पाचव्या फायलीत बाळा हे नाव असेल. त्याच्या पुढे आठ जागांत आणखी काहीतरी आहे. ते काय, मला माहीत नाही."

"ज्या खात्याचा वाद, तिथंच बाईंना माहीत नाही, महाराज."

"माहीत नसलेलं माहीत नाही म्हणूनच सांगते. उघडा."

लवादांनी मान हलवली. ऑपरेटरनं पहिली फाईल चालवली. ओळी संपल्या आणि त्यांच्या खाली, जिथं अंधेरीच्या पडद्यावर काहीच नव्हतं, तिथं हिरव्या अक्षरांत नाव उमटलं. रतन. नावाला चिकटूनच मशीनची पुढच्या हुकमाची वाट बघणारी खूण उभी राहिली. मग गुणाजी. दशरथ. प्रेमा. युनियनच्या माणसानं प्रेमाच्या नावाला हात जोडले.

पाचवी फाईल. ओळी गेल्या. खाली बाळा.

पण इथं मशीनची खूण नावाला चिकटलेली नव्हती. मध्ये काळी, मोकळी जागा होती आणि खूण बरीच पलीकडे लुकलुकत होती.

"हे काय?" लवादांनी विचारलं.

मृणालिनीबाईंना उत्तर त्या क्षणी कळलं. मोकळ्या जागेलाही क्रमांक असतो, बत्तीस. बत्तीस आठे दोनशे छप्पन्न. ताळा पुरा झाला होता. मधुकरनं बाळाच्या पुढे आठ रिकाम्या जागा सोडल्या होत्या. घाईत सुटल्या म्हणाव्यात, तर तो घाई करणारा माणूस नव्हता. मेहुण्याच्या फुंकेचा आकडा त्यानं स्वतःच्या हातानं घातला होता, होता तसा, आणि मग तो पाणी प्यायला उठला होता. जिवंत माणसाचं नाव त्या बाजूला लिहायचं नसतं. त्यानं ते लिहिलं नव्हतं. फक्त पान मांडून ठेवलं होतं, त्या नावाच्या आठ इंग्रजी अक्षरांना पुरेल एवढं.

"रिकाम्या जागा आहेत," त्या म्हणाल्या. "फरक त्यांनी पूर्ण भरून निघतो. आकड्यांशी त्यांचा संबंध नाही."

"पण परबनं फायलीत भर घातली, हे तरी मान्य ना?" वकील म्हणाला.

"मान्य. त्यानं पाच माणसांची नावं लिहिली, आकड्यांची हद्द संपल्यावर, त्याच्या मशीनच्या दृष्टीनं फायलीबाहेर. नियम मोडला. आकडा एकही बदलला नाही. फॉर्म समोर आहेत, ताडून घ्या."

ते ताडण्यात दुपार गेली. संध्याकाळी लवादांनी निर्णय सांगितला. नऊही फायली ग्राह्य. मग त्यांनी चष्म्यावरून सुलक्षणाकडे बघितलं आणि लेखनिकाला म्हणाले, "वेगळं वाक्य घ्या. मधुकर परब यांनी आकडे बदललेले नाहीत."

सुलक्षणा रडली नाही. तिनं पदर सावरला आणि म्हणाली, "त्यांची बेरीज बरोबर होती तर."

"बरोबर होती," मृणालिनीबाई म्हणाल्या. "पहिल्यापासून."

जयंती तोंड फिरवून उभी होती. नंदकिशोर सुलक्षणाशी काहीतरी बोलायला पुढे आला, पण तसाच जिन्याकडे वळला.

बाहेर व्हरांड्यात दत्ताराम कठड्याला टेकून श्वास जमवत होता. मृणालिनीबाई जवळून जाताना त्यानं हाक मारली.

"ताई. बाळाच्या फुडे ती जागा कसली?"

"रिकामी आहे. मी आत सांगितलं ना."

"ता कळला." तो पायरीकडे बघत होता. "किती अक्षरांची?"

आत पाच फायलींचा शेवटच्या जागेपर्यंत हिशोब देऊन आलेल्या बाईंनी हातातले कागद पिशवीत घातले.

"मोजली नाही," त्या म्हणाल्या.

दत्तारामनं त्यांच्याकडे बघितलं. तो काही बोलणार, तेवढ्यात सुलक्षणा मागून आली. तिनं भावाचं कोपर धरलं, लहानपणी रस्ता ओलांडताना धरत असेल तसं.

"चल रे दत्ता, घरी चल," ती म्हणाली. "तुझं पान आत वाढायचंय."